थंडीत उन्हाळी ड्रेस: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

थंडी सुरू झाली की नारंगी, राणी, लिंबू-पिवळे, मोरपंखी ड्रेस कपाटात मागे ढकलले जातात आणि पुढचे काही महिने अंगावर काळ्या-करड्याशिवाय रंग दिसत नाही. खरं तर पातळ ड्रेस थंडीत वापरायला सोपा असतो, कारण त्याच्या आतही काही घालता येतं आणि वरूनही. या अंकासाठी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत. बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: ऊब ड्रेसच्या आतून मिळवा आणि वरचा कपडा असा निवडा की ड्रेसचा रंग झाकला जाणार नाही.

प्रश्न: माझा बिनबाह्यांचा नारंगी सुती ड्रेस गुडघ्याखाली येतो. आत स्वेटर घातला तर मुंढ्यात काचतो आणि छातीवर ड्रेस ताणला जातो. वरून घातला तर ड्रेस दिसतच नाही. काय करावं?

जाड स्वेटर आत घालू नका. आत हवा तो बारीक विणीचा, अंगाला बसणारा, लांब बाह्यांचा कपडा. किती जागा आहे ते आधी मोजून घ्या. ड्रेस सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत माप घ्या आणि ते दुप्पट करा. मग आतला कपडा घालून स्वतःच्या छातीचा घेर मोजा. ड्रेसचं माप निदान ४ सेंमी जास्त भरायला हवं, कारण साधं सुती कापड होजिअरीसारखं ताणलं जात नाही. पातळ थर्मल किंवा बारीक लोकरी टी-शर्टने घेर साधारण १ ते १.५ सेंमी वाढतो. मध्यम जाडीच्या स्वेटरने तो ४ ते ५ सेंमी वाढतो, म्हणजे ड्रेसमध्ये असलेली सगळी मोकळीक तिथेच संपते.

मुंढा वेगळा तपासावा लागतो. दोन्ही हात डोक्यावर न्या, मग स्वतःला मिठी मारल्यासारखे पुढे आणा, मग खुर्चीत बसा. काखेत कापड गोळा होऊन रुतत असेल, तर बहुतेक वेळा दोष जाडीचा नसतो, आतल्या कपड्याच्या मुंढ्याचा असतो. ज्याचा मुंढा खूप खाली उतरलेला आहे त्याचं कापड काखेत साचणारच. खांद्यावर नीट बसणारी, अरुंद बाही घ्या.

धाग्याचंही पाहा. आत सुती बनियन किंवा टी-शर्ट घातला आणि भराभर चाललात, तर तो घाम शोषून ओला राहतो आणि थांबल्यावर अंग गार पडतं. दिवसभर एका जागी बसायचं असेल तर सुती चालेल. चालायचं-फिरायचं असेल तर लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं थर्मल घ्या. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा आत घेते, तरी हाताला ओली लागत नाही. लोकर टोचते ही तक्रार जाड तंतूंची आहे: साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला बोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू त्याहून बराच बारीक असतो, म्हणून तो थेट अंगावर घालता येतो.

गळ्याचा मेळ बसवताना अर्धवट काही ठेवू नका. चौकोनी किंवा खोल व्ही गळ्याच्या आत उंच गळ्याचा टी-शर्ट छान दिसतो. गोल गळ्याच्या आत गोल गळाच असेल तर तो एकतर पूर्ण लपू द्या किंवा किमान २ सेंमी बाहेर दिसू द्या. अर्धा सेंमी डोकावणारी पट्टी म्हणजे बनियन दिसतंय, असंच वाटतं. आतल्या बाह्यांचा रंग आणि टाइट्सचा रंग एकाच कुळातला ठेवलात, तर हात-पाय मिळून एक चौकट होते आणि मधला नारंगी उठून दिसतो.

वरून घालायचंच असेल तर कंबरेवर संपणारं आखूड कार्डिगन घ्या आणि बटणं उघडी ठेवा. लांब पुलोव्हरच असेल तर ड्रेसच्या कंबरेवर २ ते २.५ सेंमी रुंदीचा इलॅस्टिकचा पट्टा बांधा, पुलोव्हरची खालची कड त्या पट्ट्याखाली आत खोचा आणि वरचं कापड ४-५ सेंमी हलकं बाहेर ओढा. पट्टा झाकला जातो, स्वेटर आखूड दिसतो आणि खालचा नारंगी घेर मोकळा राहतो. ही युक्ती पातळ स्वेटरलाच जमते. जाड विणीचा खोचला तर कंबरेभोवती वळकटी दिसते.

एक चूक सर्रास होते: थर वाढवताना एकावर एक घट्ट कपडे चढवले जातात. ऊब कापडात नसते, दोन कापडांमधल्या स्थिर हवेत असते. वरच्या थराने खालचा दाबला तर ती हवा निघून जाते आणि तीन कपडे घालूनही थंडी वाजते. आतून बाहेर प्रत्येक थर थोडा सैल व्हायला हवा.

प्रश्न: पॉलिएस्टर जॉर्जेटचा गुलाबी ड्रेस जाड टाइट्सवर घातला की पायांना चिकटतो, चालताना वर चढतो आणि काढताना चटचट ठिणग्या उडतात. उपाय?

यात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. चिकटणं हे स्थिर विजेचं काम आहे आणि वर चढणं घर्षणाचं. दोन्हींवर एकच उपाय लागू पडेल असं नाही.

दोन वेगळी कापडं एकमेकांवर घासली की एकावर धन भार जमतो, दुसऱ्यावर ऋण. लोकर आणि नायलॉन धन भाराकडे झुकतात, पॉलिएस्टर ऋण भाराकडे. त्यामुळे लोकरी किंवा नायलॉनच्या टाइट्सवर पॉलिएस्टरचा ड्रेस ही सर्वांत वाईट जोडी ठरते. थंडीत हवा कोरडी असते, खोली तापवलेली असेल तर आणखी कोरडी, आणि कोरड्या हवेत हा भार निचरून जात नाही. उन्हाळ्यात याच ड्रेसने कधी त्रास दिला नसेल तो यामुळेच.

म्हणून दोघांच्या मध्ये तिसरं कापड आणायचं: व्हिस्कोस, कूप्रो (कापसापासून केलेलं रेशमासारखं कापड) किंवा रेशमाचा स्लिप, म्हणजे ड्रेसच्या आत घालायचा पातळ झगा. ही कापडं थोडा ओलावा धरून ठेवतात, भार साठू देत नाहीत आणि गुळगुळीत असल्यामुळे टाइट्सवरून सरकतात. सुती परकराने चिकटणं कमी होईल, पण तो लोकरी टाइट्सना धरून बसतो आणि ड्रेससकट वर चढतो. पॉलिएस्टरचा स्लिप घेतलात तर भार ड्रेसवर न जमता स्लिपवर जमेल, एवढाच फरक. विकत घेताना पट्टीवर कापडाचं नाव वाचा. हाताला रेशमी लागणारे बरेच स्लिप पॉलिएस्टरचेच निघतात.

ऐनवेळी घराबाहेर पडताना काय करायचं? ड्रेसच्या आतल्या बाजूने धातूचा हँगर वरपासून खालपर्यंत दोन-तीनदा फिरवा. भार धातूत उतरतो. टाइट्स चढवण्यापूर्वी पायांना मॉइश्चरायझर लावा. स्थिर वीज घालवणारा स्प्रे असेल तर २०-३० सेंमी अंतरावरून फक्त आतल्या बाजूला मारा, आणि आधी शिवणीच्या मायेवर (शिवणीबाहेर आत उरलेल्या कापडावर) मारून डाग पडत नाही ना ते पाहा. नुसत्या पाण्याचा शिडकावा तो वाळेपर्यंतच टिकतो. धुताना शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर घातला तर पॉलिएस्टरचा चिकटपणा कमी होतो. तोच सॉफ्टनर थर्मलला मात्र लावू नका, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम बाहेर जायचा थांबतो.

प्रश्न: स्लिप वेगळा घालण्यापेक्षा ड्रेसलाच अस्तर लावता येईल का? ड्रेसला कंबरेवर जोड आहे, मागे चेन आहे. घरी शिवणयंत्र आहे.

नक्की येईल, आणि कंबरेचा जोड असल्यामुळे काम सोपं आहे. अस्तर फक्त खालच्या घेराला लावायचं. वरच्या भागात आतला टी-शर्ट असणारच.

कापड व्हिस्कोस किंवा कूप्रो, ११० सेंमी पन्ह्याचं घ्या. समजा कंबरेपासून खालपर्यंत ड्रेस ७० सेंमी आहे. अस्तर तयार झाल्यावर त्यापेक्षा ३ सेंमी आखूड असावं, म्हणजे ६७. वरच्या जोडासाठी १.५ आणि खालच्या दुमडीसाठी ३ सेंमी धरून एका पाटाची लांबी ७१.५ सेंमी होते. पुढचा आणि मागचा पाट एकाखाली एक काढायचे तर १४३ सेंमी. व्हिस्कोस पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून १६० सेंमी घ्या, आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच बेता. न धुता लावलेलं अस्तर पुढे आटून ड्रेसला आत खेचतं, आणि त्यावर नंतर काही इलाज राहत नाही.

रुंदीला नितंबाच्या घेरापेक्षा ८ सेंमी जास्त धरा. ड्रेसचा घेर मोठा असला तरी अस्तराला तेवढा घेर नको. कमी घेराच्या अस्तरात पायांभोवतीची हवा कोंडून राहते आणि खालून वारा कमी शिरतो. मात्र पाऊल टाकायला जागा हवी. गुडघ्याखाली जाणाऱ्या अस्तराचा खालचा घेर १४० सेंमीपेक्षा कमी असेल तर एका बाजूला २०-२५ सेंमीचा कट ठेवा. मागचा पाट चेनसाठी मधोमध वरून, कंबरेखाली चेन जितकी येते तितका उभा चिरायचा. तो चिरण्यापूर्वी कंबरेवर १.५-१.५ सेंमी जादा माया दोन्ही बाजूंना धरायला विसरू नका.

सुई ७० किंवा ७५ नंबरची नवी घाला आणि टीप २ ते २.५ मिमीची ठेवा. बोथट सुईने व्हिस्कोसचा धागा ओढला जातो आणि शिवणीशेजारी आडवी रेघ उमटते. बाजूच्या शिवणी घाला, कडा ओव्हरलॉक किंवा झिगझॅग करा. ड्रेस उलटा करा. अस्तराच्या मायेची बाजू ड्रेसच्या मायेकडे येईल अशा रीतीने ते कंबरेवर ठेवा, बाजूच्या शिवणी जुळवा, टाचण्या लावा. कंबरेच्या जोडाची जी माया आत आहे फक्त त्या मायेलाच अस्तर हाताने टाचून घ्या. सुई ड्रेसच्या दर्शनी कापडात जाता कामा नये. अस्तराची कंबर ड्रेसपेक्षा मोठी झाली तर जादा कापड दोन लहान प्लेट्समध्ये घ्या, चुण्या नकोत. चुण्यांनी कंबर जाड दिसते. चेनपाशी माया आत दुमडून, दातांपासून ५ मिमी लांब ठेवून चेनच्या पट्टीवर हेम करा. याहून जवळ नेलंत तर चेन अस्तर चावते.

आता खालची दुमड लगेच घालू नका. ड्रेस एक दिवस हँगरवर टांगून ठेवा. घेराच्या तिरक्या भागात कापड स्वतःच्या वजनाने उतरतं. ते उतरल्यावर कड सरळ कापा आणि मगच दुमडा. अस्तराची खालची कड ड्रेसला सगळीकडून शिवू नका, फुगा येतो. दोन्ही बाजूंच्या शिवणींपाशी ३-४ सेंमी लांबीची दोऱ्याची साखळी करून तेवढीच जोड द्या.

रंगाविषयी एक सूचना: पातळ गुलाबी ड्रेसखाली पांढरंशुभ्र अस्तर लावलं तर गुलाबी फिका होतो. ड्रेसच्याच छटेचं किंवा त्याहून जरा गडद अस्तर लावा. रंग भरीव दिसतो.

प्रश्न: भडक पिवळा आणि राणी, हे माझे दोन आवडते ड्रेस. काळं घातलं तर अंगावर येतं, क्रीम घातलं तर उन्हाळाच वाटतो. कोणते रंग घालावेत?

भडक रंगांमध्ये पिवळा सर्वांत उजळ असतो. काळा सर्वांत गडद. दोघांमधलं अंतर एवढं मोठं पडतं की नजर फक्त त्या सीमारेषेवर अडकते. पिवळ्याबरोबर कोळशासारखा करडा, चॉकलेटी, नेव्ही किंवा आमसुली घालून पाहा. गडदपणा राहतो, धक्का कमी होतो. राणी मुळातच मध्यम गडद आहे, त्याला काळा चालतो. पण शेवाळी, मरून आणि बदामी त्याला जास्त शोभतात. याच न्यायाने नारंगीला नेव्ही आणि गडद तपकिरी, मोरपंखीला विटकरी आणि करडा.

शंका आली तर फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. ड्रेस आणि वरचा कपडा दोन वेगळ्या करड्या छटांत दिसायला हवेत. दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळले आणि मूळ रंग मात्र दोन्ही भडक असतील, तर प्रत्यक्षात त्यांच्या कडा डोळ्यांपुढे थरथरल्यासारख्या दिसतात. लाल ड्रेस आणि तितक्याच उजेडाचं हिरवं कार्डिगन या जोडीत हे हमखास होतं. त्यातला एक रंग पुरता गडद केला की जोडी सुधारते.

आमच्या मते रंगाहून पोत जास्त काम करतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. क्रीम रंगाच्या पातळ सुती जॅकेटबरोबर पिवळा ड्रेस उन्हाळी दिसेल. त्याच क्रीम रंगाच्या जाड विणीच्या लोकरी कार्डिगनबरोबर तो थंडीचाच दिसेल. कॉर्डरॉय, मखमल, फ्लॅनेल, स्वेड, जाड लोकर यांपैकी दोन गोष्टी अंगावर आल्या तर ड्रेसचं कापड कितीही हलकं असो, पेहराव ऋतूला धरून वाटतो. पायात उघड्या चपला आणि हातात वेताची पर्स असेल तर वरच्या कोटाचाही उपयोग होत नाही.

फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये सर्वांत कमी जागा व्यापणारा गडद रंग शोधा, देठांचा किंवा पानांच्या कडांचा, आणि स्वेटर त्या रंगाचा घ्या. ठळक फुलाचाच रंग स्वेटरला घेतला तर सगळं एकाच सेटमधलं वाटतं. मफलरही नक्षीचा हवा असेल तर दोन्ही नक्ष्यांच्या आकारात मोठा फरक ठेवा: मोठ्या फुलांवर बारीक चौकडी चालते, मोठ्या फुलांवर मोठी चौकडी गोंधळ करते.

संध्याकाळी बाहेर जाणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. उजेड कमी झाला की डोळ्यांना लाल रंग काळपट दिसू लागतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. त्यांच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. थंडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा लाल ड्रेसवर मरून कोट घातला तर अंधूक उजेडात दोन्ही एक गडद ठोकळा होतात. तिथे फिका करडा किंवा बदामी कोट बरा.

प्रश्न: टाइट्स किती डेनियरच्या घ्याव्यात?

डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. २० मधून त्वचा स्पष्ट दिसते, ४० मधून थोडी, ६० ते ८० जवळजवळ अपारदर्शक, आणि १०० च्या पुढच्या जाड. भडक ड्रेसखाली ६० च्या आतल्या काळ्या टाइट्स टाळा. गुडघ्यावर ताणल्या की तिथे फिकट चट्टे दिसतात आणि वरच्या भरीव रंगापुढे ते जास्तच उठतात.

पण डेनियरवरून उबेचा पुरता अंदाज येत नाही. १०० डेनियरच्या साध्या नायलॉनपेक्षा लोकरमिश्रित किंवा आतून पिंजलेल्या टाइट्स जास्त उबदार असतात. कडाक्याची थंडी असेल तर पातळ टाइट्सवर दुसऱ्या, एक माप मोठ्या टाइट्स घाला. एकाच मापाच्या दोन घातल्या तर बोटांशी रक्त कमी पोचतं आणि पाय उलट गार पडतात. बुटात दोन थर मावत नसतील तर बाहेरच्या थराला पावलं नसलेल्या लेगिंग्ज घ्या.

प्रश्न: मॅक्सी ड्रेसवर कोट घातला की काहीतरी बिघडतं, नेमकं कळत नाही. बुटांचंही तसंच.

बहुधा दोन कडा जवळजवळ आल्या आहेत. कोटाखालून ड्रेस ३ ते ५ सेंमीच डोकावत असेल तर तो चुकून राहिल्यासारखा दिसतो. एकतर १५-२० सेंमी स्पष्ट दिसू द्या किंवा कोट ड्रेसपेक्षा लांब घ्या. मॅक्सीवर आम्हाला कंबरेवर संपणारं जॅकेट किंवा गुडघ्यापर्यंतचा कोट पसंत आहे. पोटरीच्या मध्यावर संपणारा कोट अशा ड्रेसला आडवा कापतो.

बुटांच्या बाबतीत, पोटरीपर्यंतच्या ड्रेसखाली उंच बूट घाला आणि बुटाची वरची कड ड्रेसच्या आत जाऊ द्या. मध्ये ४-५ सेंमी पाय उघडा राहिला तर थंडीही तिथूनच शिरते. घोट्यापर्यंतचे बूट असतील तर टाइट्स बुटांच्याच रंगाच्या घ्या, पाय तुटक दिसत नाही. जमिनीला टेकणारा मॅक्सी ओल्या रस्त्यावर वापरू नका. सुती किंवा रेयॉनची कड पाणी वर ओढते आणि थोड्या वेळात पोटऱ्यांपर्यंत ड्रेस गार आणि जड होतो. जमिनीपासून ७-८ सेंमी वर राहील इतकी तात्पुरती दुमड मोठ्या धावदोऱ्याने घाला. उन्हाळ्यात उसवता येते.

प्रश्न: फुग्याच्या बाह्या कोटात कशा घालायच्या?

घालूच नका. चुरगळतात, आणि खांद्यावर गाठोडं दिसतं. बिनबाह्यांचं भरलेलं जॅकेट, केप किंवा मोठी लोकरी शाल घ्या. कोट लागणारच असेल तर खांदा खाली उतरलेला, रुंद बाहीचा कोट पाहा. कोट चढवताना ड्रेसची बाही मुठीत धरून ठेवा, ती वर गोळा होणार नाही.

प्रश्न: लाल ड्रेसवर क्रीम रंगाचं लोकरी कार्डिगन घातलं आणि काखेत गुलाबी डाग पडले. मिठाच्या पाण्याने ड्रेसचा रंग पक्का होईल का?

नाही. मीठ आणि व्हिनेगर रंगवण्याच्या प्रक्रियेत काही रंगांसाठी वापरले जातात, पण रंगवून झालेल्या कपड्यातला सुटा रंग त्यांनी धरून ठेवता येत नाही. सुटा रंग धुऊन काढणं हाच मार्ग. ड्रेस वेगळा, भरपूर गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हापुन्हा खळबळून धुवा. त्यानंतर चाचणी घ्या: पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा आणि आतल्या शिवणीवर दहा वेळा घासा, मग कोरड्या फडक्यानेही तेच करा. ओल्यावर रंग आला आणि कोरड्यावर नाही, तर घामाच्या जागी म्हणजे काख, मान आणि पाठ इथे फिका कपडा लागू देऊ नका. कोरड्यावरही आला तर त्या ड्रेसवर फक्त गडद कपडे घाला.

हे आतल्या कपड्यांनाही लागू आहे. पांढरं थर्मल लाल ड्रेसखाली एकदा घामेजलं की गुलाबी होतंच. कोटाचं अस्तर फिकं असेल तर तेही तपासा.

कार्डिगनवरचा डाग ताजा असेल तर कोमट पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवा, चोळू नका. क्लोरीनचं ब्लीच लोकरीला कधीच लावू नये. त्याने लोकरीचा तंतूच विरघळतो.

प्रश्न: कोणता उन्हाळी ड्रेस थंडीत वापरूच नये?

ज्याच्या आत पातळ थरालाही जागा नाही तो. अंगावर शिवल्यासारखे बसणारे ड्रेस ताणले जातात आणि शिवणी उसवतात. खांद्यावर पट्टेच नसलेला ड्रेस वरच्या थरांच्या ओझ्याने सतत खाली सरकतो. पांढऱ्या जमिनीवर फिक्या रंगांची नक्षी असलेला झिरझिरीत मलमलचा ड्रेसही सोडून द्या, आतला प्रत्येक थर आणि त्याची प्रत्येक शिवण दिसते. कडक लिनन जमतं, पण कोटाखाली ते बसल्या जागी चुरगळतं. चुण्या मान्य असतील तरच घाला. उत्तम जमणारे ड्रेस म्हणजे शर्टासारखे पुढून बटणांचे, कंबरेवर बांधायचे आणि वरून थोडे सैल असलेले. बटणांचा ड्रेस उघडा ठेवून लांब जॅकेटसारखाही घालता येतो: आत गडद स्वेटर आणि पँट, वर उघडा पिवळा ड्रेस, त्यावर कोट.

प्रश्न: पाच वर्षांच्या मुलीला तिचे उन्हाळी फ्रॉकच हवे असतात.

घालू द्या. आत थर्मलचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज, वर फ्रॉक, त्यावर कार्डिगन. मुलं पळतात, तापतात आणि लगेच गार पडतात, म्हणून वरचा थर तिला स्वतःला काढता-घालता येईल असा, मोठ्या बटणांचा किंवा चेनचा असावा. ऊब तिच्या हातांवरून ठरवू नका, हात बहुतेक वेळा गारच लागतात. मानेमागे हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा.

लांब मफलर आणि गळ्यापाशी लोंबणाऱ्या दोऱ्या टाळा, खेळताना त्या अडकतात. त्याऐवजी गळ्याभोवती बसणारा शिवलेला गोल मफलर घाला. गाडीतल्या चाइल्ड सीटमध्ये बसवताना फुगीर जॅकेट काढा. पट्टा जॅकेटवर घट्ट वाटतो, पण धक्का बसला की आतली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. आधी फ्रॉक-कार्डिगनवर पट्टा लावा, मग वरून शाल किंवा जॅकेट पांघरा.

प्रश्न: थंडीत असे ड्रेस किती वेळा धुवावेत?

उन्हाळ्यापेक्षा कमी. घाम आतल्या थरात जातो, म्हणून तो थर्मल किंवा टी-शर्ट नेमाने धुवा. ड्रेसला वास नसेल, डाग नसेल तर तीन-चार वेळा घालून मग धुतला तरी चालतो. दर वेळी वापरल्यावर रात्रभर मोकळ्या हवेत टांगा. वारंवार धुण्यानेच भडक रंग लवकर उतरतात. धुताना ड्रेस उलटा करा, गार पाणी वापरा आणि सावलीत वाळवा.

लोकरी थर ३० अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यात, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघतं, मग सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकला तर ओल्या वजनाने लांबतो. पट्टा किंवा पर्सचा बंद जिथे घासतो तिथे लोकरीचे गोळे येतात. ते ओढून काढू नका, तंतू आणखी सुटतात. कपडा टेबलावर पसरून गोळे कापणाऱ्या यंत्राने किंवा लहान कात्रीने वरच्या वर कापा.